अक्काच्या लग्नातले आठ श्लोक

मी संस्कृतात कविता करतो असं कळलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडं बघतो, मग आडनाव विचारतो आणि मग हमखास म्हणतो, "मंग सत्यनारायण सांगता का?" पन्नास वर्षं हेच चाललंय. चार संग्रह झाले. सत्काराच्या शाली इतक्या साठल्या, की बायकोनं त्यांच्या गोधड्या शिवून नातवंडांना वाटल्या. तरी परवा आमच्या गल्लीतल्या नव्या घरमालकानं वास्तुशांतीला किती वाजता येता म्हणून फोन केला. मी त्याला चार शब्द सुनावले. चिडणं मला नवीन नाही, बायको म्हणते दूध उतू जायला तरी वेळ लागतो. पण फोन ठेवला आणि माझं मलाच हसू फुटलं. त्या बिचाऱ्याला कुठल्या तोंडानं बोल लावू? हीच चूक माझ्या बापानं भर मांडवात केली होती, आणि ती चूक आहे हे कळत असून मी गप्प बसलो होतो. नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. त्या दिवशी जे केलं, ते आता लिहून टाकतो. अक्काची परवानगी घेतली आहे. "लिही," म्हणाली, "फक्त माझं वय लिहू नको."

शहागडच्या अलीकडं, गोदावरीच्या काठाला आमचं गाव. आजा मेंढरं घेऊन दुनिया फिरायचा, आबांनी चार एकर धरून पाय रोवले, पण मेंढरं काही सोडली नाहीत. घरात सगळ्या वस्तूंना लोकरीचा वास. पाण्याला, भाकरीला, माझ्या शाळेच्या दप्तरालासुद्धा. माय दुपारभर ओट्यावर बसून लोकर पिंजायची, तिच्या धनुकलीचा टण् टण् आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा, आणि त्याच्या मागं लांबून हायवेवरच्या ट्रकांची घरघर. चहा मेंढीच्या दुधाचा, घट्ट, वर सायीचा थर. सकाळी हुलग्याचं माडगं आणि रात्रीची शिळी बाजरीची भाकरी. माझी थोरली बहीण, सोजर, तिला मी अक्का म्हणतो, तिच्या हातच्या भाकरीला पापुद्रा असा सुटायचा की आबा जेवताना मायला चिडवायचे, "पोरीनं तुझं नाक कापलं." माय म्हणायची, "कापू द्या, नाक माझं हाय, भाकर तुम्हाला भेटून राह्यली ना?" हे रोजचं होतं, तरी रोज सगळे हसायचो.

संध्याकाळी मेंढरं वाघरात घालायची. वाघूर म्हणजे दोरीच्या जाळीचं कुंपण, त्याला एकच तोंड. त्या तोंडाशी आबा बसायचे आणि आत शिरणारी मेंढरं चार-चारानं मोजायचे. आठाला एक खडा बाजूला टाकायचा. हे काम पुढं माझ्याकडं आलं. आणि मी सांगतो, विद्वान मंडळींना पटो न पटो, माझ्या कानाला छंदाची सवय लागली ती इथं. अंबडच्या हायस्कुलात आठवीला हिंदीचा वर्ग भरला म्हणून मला संस्कृताच्या वर्गात ढकललं होतं. तिथं वझरकर सर. काटकुळे, पानाचे शौकीन, आणि धडा शिकवण्यापेक्षा गप्पा मारण्यात पटाईत. त्यांनी अनुष्टुभ फळ्यावर लिहिला आणि म्हणाले, "प्रत्येक चरणात आठ अक्षरं." मी मनात म्हटलं, आठाला एक खडा, हे तर आपल्याला येतं की! सरांचा एक नियम होता. वर्गात आल्यावर ते विचारायचे, "आज येताना काय पाहिलंस? दोन ओळीत सांग." पुस्तकातलं कमळ नको, राजहंस नको, तू पाहिलेलं सांग. मी पहिल्यांदा लिहिलं ते लंगड्या मेंढीवर. सरांनी ते वाचलं, पान थुंकून आले, पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, "मल्हारी, ह्या भाषेनं हजार वर्षांत तुझी मेंढी पाहिली नव्हती रे." त्या एका वाक्यावर मी पुढची पाच वर्षं जगलो. त्यांनी विधी शिकवला नाही, मंत्र शिकवले नाहीत, पूजा तर त्यांनाच येत नव्हती. हे घरी कुणाला सांगावं असं मला कधी सुचलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. आबांच्या लेखी पोरगं संस्कृत शिकून राह्यलं म्हणजे सगळं आलं.

अक्काचं लग्न ठरलं अंकुशनगरजवळच्या एका घरात. नवरदेव हरिभाऊ, उसाच्या कारखान्यावर कामाला, घरी थोडी शेती. माणूस कमी बोलणारा, पण बघायला आला तेव्हा जाताना मेंढरांच्या वाघराशी उभं राहून त्यानं एका कोकराच्या पायातला काटा काढला. अक्कानं ते खिडकीतून पाहिलं आणि मायला सांगितलं, हाच. मला तिला काहीतरी द्यायचं होतं. माझ्याकडं होतं काय? दोन महिने खपून मी तिच्यासाठी आठ श्लोक लिहिले. एकात गोदावरी होती, एकात वाटेनं पुढं चालणारी मेंढी आणि तिच्या मागून जाणारा कळप, एकात मायची धनुकली. जाड पुठ्ठ्याच्या वहीत चांगल्या अक्षरात उतरवले. वाटी लावताना, म्हणजे पाठवणीला, तिच्या हातात वही द्यायची असा बेत होता. तिला त्यातलं अक्षर कळणार नव्हतं, पण आपल्यासाठी लिहिलंय एवढं तर कळेल, असं मला वाटत होतं.

लग्न दुपारचं, मुहूर्त बारा पस्तीसचा. मांडवात तापलेल्या कापडाचा वास, चुलाणावर येसर आमटीचा डेग रटरटतोय, बुंदी पाडून झालेली, भोंग्यावर सनई. तिथी दाट होती. त्या दिवशी आमच्या विश्वनाथ गुरुजींकडं चार गावची चार लग्नं, पहिलं नदीच्या पलीकडं. बारा वाजले, सव्वाबारा झाले, गुरुजींचा पत्ता नाही. मग एकजण सायकल मारत आला आणि धापा टाकत म्हणाला, "पुलावर टरक आडवा झाला. गुरुजी पलीकडं अडकलेत. लई रांग लागली."

नवरदेवाचे चुलते आधीच घड्याळ बघून राह्यलते. ते उठून उभे राहिले. "पाव्हणं, मुहूर्त टळला तर आम्ही वऱ्हाड माघारी नेतो. राग मानू नका. आमच्या घरात एकदा टळल्या मुहूर्तावर लगीन लागलं, वरीस पुरलं न्हाई अन् पोरगं गेलं. पुन्यांदा ती चूक आम्ही बिलकुल करणार न्हाई." माणूस भांडखोर नव्हता, घाबरलेला होता. म्हणून तर त्याचं कुणाला खोडता येईना. माय मटकन खाली बसली. आणि आबांनी मांडवाच्या मधोमध येऊन, छाती काढून सांगितलं, "कामून घाबरता? माझं पोरगं हाय की! पाच वर्षं संस्कृत शिकून राह्यलंय. लावंल तेच."

मी आबांच्या कानाशी लागलो, "आबा, मला विधी येत न्हाई."

"येत न्हाई म्हंजे? मंग पाच वर्षं अंबडला काय हजामती करीत हुतास?"

"संस्कृत येगळं, अन् मंत्र येगळे, आबा."

"संस्कृतच असतंय ना ते?"

"असतंय, पण—"

"मंग म्हण!" ते म्हणाले. आणि मग आवाज एकदम खाली आला. "मल्हारी, वऱ्हाड माघारी गेलं तर तुझ्या बहिणीला परत कोण करंल रे?" मी दाराकडं पाहिलं. अक्का मुंडावळ्या बांधून उंबऱ्याशी उभी होती. रडत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती, नुसती बघत होती. मी घरात गेलो, कोनाड्यातली वही काढली आणि मांडवात येऊन गुरुजींच्या पाटावर बसलो.

लोक दुसऱ्याची कविता आपली म्हणून खपवतात. मी माझी कविता वेदांची म्हणून खपवली. जगात असा चोर मीच पहिला असेन. इतर लग्नांत पाहिलेलं जेवढं आठवत होतं तेवढं करून घेतलं, हातावर पाणी सोडा, हातात हात द्या, विस्तवात लाह्या टाका. मधेमधे गोदावरीचा श्लोक. अंतरपाट धरला, मुलींनी मराठी मंगलाष्टका म्हटल्या, ज्वारीच्या अक्षता उधळल्या, बारा पस्तीसला एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. सप्तपदीला तर हिशेब आपोआप जुळला. सात पावलं, माझ्याकडं सात श्लोक उरलेले. एकेका पावलाला एकेक म्हटला. कुणीतरी भोंग्याचा माईक माझ्या तोंडाशी आणून धरला होता, त्यामुळं माझा कापरा आवाज नदीपर्यंत पोचत होता. पाचव्या पावलाला हा श्लोक आला:

एकस्मिन् कम्बले सुप्तौ शीतं न गणयिष्यतः ।
विभज्य भाकरीमेकां तृप्तौ नित्यं भविष्यतः ॥

एका घोंगडीत निजलेली ही दोघं थंडीला जुमानणार नाहीत, एक भाकर वाटून खाऊन कायम तृप्त राहतील. भाकरीला संस्कृतात काय म्हणावं ते दोन महिने मला सापडलं नव्हतं, म्हणून भाकरी भाकरीच ठेवली होती. बायकांच्या घोळक्यात एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई, मंतरात भाकर?" दुसरी म्हणाली, "आसंल की. देव काय उपाशी ऱ्हातो का?" मी घाईनं सहावा श्लोक धरला. पण आबा! आबा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते आणि ज्याला त्याला सांगत होते, "आपला मल्हारी. आपला मल्हारी हाय."

पहिली पंगत बसली आणि गुरुजी आले, धुळीनं पांढरे झालेले. मला पंगतीत वऱ्हाडी मंडळी बुंदी खाऊ घालत होती, पाठीवर थापा मारत होती. गुरुजी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "काय काय केलंस?" मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांच्यामागं उभ्या असलेल्या आबांकडं पाहिलं. "सगळं केलं गुरुजी. बराबर केलं." त्यांनी क्षणभर माझ्याकडं रोखून बघितलं. "बरं," म्हणाले आणि हातपाय धुवायला मारुतीच्या देवळाकडं गेले. नवरा-नवरीही पाया पडायला तिकडंच गेले होते, मामा-मामी सोबत. मी दुसऱ्यांदा बुंदी घेतली. पाठवणीच्या वेळी वही अक्काला द्यायची हिंमत मात्र झाली नाही. वहीत लिहिलेलं कुणी वाचलं असतं तर सगळं बिंग फुटलं असतं.

वर्षभर काही वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, मनात थोडी गंमतही वाटत होती. मग अक्काला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात पोट पडलं. आठ-नऊ महिन्यांनी पुन्हा तेच. मायनं मला सांगितलं ते चुलीपुढं बसून, माझ्याकडं न बघता. "तिची सासू म्हणती, लग्नातच काय तरी राह्यलं." माय सहज बोलली, पण मी ताट बाजूला सारलं. लग्नात काय राहिलं होतं? सगळंच राहिलं होतं! मुळात लग्न लागलं होतं का? मी बहिणीला एका परक्या माणसाच्या घरी, माझ्या चार कवितांच्या भरवशावर धाडून दिलं होतं. सांगावं, तर तिची सासू म्हणेल हे लग्नच नव्हे, घेऊन जा तुमची पोरगी. न सांगावं, तर तो दोष, काय असेल तो, तिच्या पोटाला लागलेला. आज मी म्हणतो, पोट पडायला मंत्र कारण नसतो. आज म्हणणं सोपं आहे. एकोणीस-वीस वर्षांचा मी जालन्याला कॉलेजात शिकत होतो, एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमध्ये कामाला असलेल्या चुलतभावाच्या खोलीत राहत होतो, आणि रोज सकाळी उठलो की पहिला विचार तोच यायचा.

लिहिणं सुटलं. सुटलं म्हणजे मीच सोडलं. एखादी ओळ मनात आलीच तर तिला तिथंच दाबायची. तुझ्यामुळंच झालं सगळं, असं मी त्या ओळीला म्हणायचो, वेड्यासारखा. वझरकर सरांची पोस्टकार्डं यायची, "नवीन काय? पाठव. एका मासिकाला तुझ्याविषयी लिहिलं आहे." मी उत्तर दिलं नाही. एका कार्डावर त्यांनी नुसतं लिहिलं होतं, "आज येताना काय पाहिलंस?" ते मी फाडून टाकलं. आयुष्यात फाडलेल्या कागदांपैकी तेवढ्या एकाचं मला अजून वाईट वाटतं.

मग शहागडच्या एका टेम्पोवाल्याबरोबर मायचा निरोप आला. अक्काच्या सासूनं गुरुवारी विश्वनाथ गुरुजींना घरी बोलावलंय, लग्नात दोष राहिला का ते विचारायला. दोष निघाला तर त्याचा बंदोबस्त होईपर्यंत अक्काला माहेरी पाठवणार. आमच्याकडं माहेरी पाठवलेली पोर परत कधी जाईल याचा नेम नसायचा. मी बसमध्ये बसलो. वाटेत दहा वेळा ठरवलं की सांगायचं आणि दहा वेळा ठरवलं की परत फिरायचं. उसाचा हंगाम चालू होता. अंकुशनगरच्या फाट्यावर उतरलो तर बैलगाड्यांची रांग, मळीचा उग्र वास, आणि माझे पाय असे जड की एका गाडीवाल्यानं विचारलं, "पाव्हणं, तब्येत बरी न्हाई का?"

ओसरीत गुरुजी बाजेवर बसले होते, हातात चहाची बशी. दाजी खांबाला टेकून. अक्काची सासू, तिला मी मावशी म्हणायचो, गहू निवडत होती. आत चुलीपाशी अक्का. मला बघून ती लगबगीनं बाहेर आली, "अगं माय, मल्हू! न सांगता कसा आलास?" मी चपला काढल्या, ओसरीवर चढलो, आणि बसायच्या आधीच बोलून गेलो. थांबलो असतो तर बोललो नसतो.

"मावशी, अक्काचा काय बी दोष न्हाई. दोष माझा हाय. लग्नात मी मंत्र म्हटलेच न्हाईत. मला येतच नव्हते. मी लिहिलेलं म्हटलं. माझ्या मनचं. ते लगीन, ते लगीन—" मी मावशीपुढं वाकलो. "तिला धाडू नका. मला काय म्हणायचं ते म्हणा."

सुपातले गहू हलायचे थांबले. मी मान खाली घातली. आणि मला ऐकू आलं हसणं. आधी दाजींचं, तो कमी बोलणारा माणूस पोट धरून हसत होता. मग अक्काचं, पदर तोंडात कोंबून. मला वाटलं यांना वेड लागलं.

गुरुजींनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या. "मल्हारी, मी गावाबाहेर टेम्पोतून उतरलो तवा भोंग्यातून तुझा आवाज येऊन राह्यलता. म्हटलं पोरगं म्हणून राह्यलं बरं, चाल चांगली हाय. अन् मंग भाकरी आली." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "चार वेद धुंडाळ बाबा. भाकरी न्हाई रे त्यात."

"मंग तुम्ही—"

"मंग काय? तुला इचारलं त तू म्हणला बराबर केलं. तुझा बाप माझ्यामागं उभा, त्याच्या तोंडाकडं बघून माझी जीभ रेटली न्हाई. देवळात गेलो. हे दोघं पाया पडायला आल्तेच. तुझ्या मामाला म्हटलं, आचाऱ्याच्या चुलाणातला इस्तू घमेल्यात आण. मारुतीच्या मागं, लिंबाखाली, मामा-मामीकडून कन्यादान, होम, सप्तपदी, सगळं जल्दी जल्दी पण बराबर केलं, अक्षता त मुहूर्तावर पडल्याच हुत्या. तासभर बी लागला न्हाई. तू जेवून राह्यलतास."

दीड वर्ष. दीड वर्ष मी जळत होतो आणि मी दुसऱ्यांदा बुंदी घेत असताना माझ्या बहिणीचं लग्न देवळामागं रीतसर लागलं होतं! मी तिथंच ओसरीच्या कडेला बसलो. कुणी छातीवरून जातं उचलून घ्यावं तसं झालं, एवढा मोठा श्वास आला की खोकला लागला. अक्का पाणी घेऊन आली. मी तिच्यावर ओरडलो, "अक्का, तुला ठावं हुतं! कामून सांगितलं न्हाई मला?"

"गुरुजी म्हणले, सांगू नका. पोरगं लिहितंय चांगलं, बुजून जाईल." तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "मला काय ठावं, तू आतल्या आत असा वाळत हुतास. मला वाटलं जालन्याची खानावळ मानवली न्हाई."

आता बोला! मी बुजू नये म्हणून त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही म्हणून मी दीड वर्ष लिहिलं नाही. शहाण्या माणसांच्या घरी असं होत नाही. असं फक्त आमच्याकडं होतं, जिथं प्रत्येक माणूस दुसऱ्याचं मन जपण्यासाठी काहीतरी लपवून बसलेला असतो. आणि तरी, त्या दिवशी मला राग आलाच नाही. माझ्यासारख्या चिडक्या माणसाला! मी नुसता बसून होतो आणि अंगणातल्या कोंबड्यासुद्धा मला चांगल्या दिसत होत्या.

मावशीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं आधी मुलाकडं डोळे वटारले, मग गुरुजींकडं. "म्हंजे दोष न्हाई?"

"लग्नात न्हाई, कुंडलीत न्हाई, कुठंच न्हाई," गुरुजी म्हणाले. "पोरीला कुठं धाडायचं त जालन्याला धाडा, डॉक्टरीणबाईकडं. हे माझ्या पोथीतलं काम न्हाई." त्यांनी ते ज्या सरळपणानं सांगितलं त्याबद्दल मी त्या माणसाच्या पायावर कितीदा डोकं ठेवलं असेल, मोजदाद नाही. पुढं पुन्हा दिवस गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी अक्काला अंथरुणावरून उठू द्यायचं नाही असं बजावलं, आणि मावशीनं, जी तिला माहेरी धाडायला निघाली होती त्याच मावशीनं, सहा महिने तिला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. भाची झाली. आता तीच शाळेत हेडमास्तरीण आहे आणि माझे लेख टाइप करताना माझ्या चुका काढते. हे प्रकरणही तीच टाइप करेल, तेव्हा जपून लिहितोय.

पण त्या दुपारचं एक राहिलं. गुरुजी उठून गेले, दाजी कारखान्यावर गेले. अक्कानं मला जेवायला वाढलं आणि मी दीड वर्षात पहिल्यांदा पोटभर जेवलो. मावशी समोरच गहू निवडत बसून होती. मला वाटलं आता बोलणी खायची आहेत, आणि खायलाच पाहिजे होती. भर मांडवात तिच्या घराला मी फसवलं होतं. हात धुऊन आलो तर ती म्हणाली, "म्हण बरं आता."

"काय, मावशी?"

"तेच. तू म्हटलं हुतंस ते. मी तवा रुसलेल्या नणंदेला समजावीत हुते, भोंगा बी खरखर करून राह्यलता, काय बी ऐकू आलं न्हाई."

मांडवात पाचशे माणसांपुढं म्हटलं होतं, पण तेव्हा मी वेदांच्या आड लपलो होतो. इथं लपायला काही नव्हतं. एक सासू, एक बहीण आणि सूपभर गहू. वही नव्हती, तरी आठही श्लोक तोंडपाठ निघाले, एकसुद्धा अडला नाही. अक्का उंबऱ्यावर बसून ऐकत होती. मावशी प्रत्येक श्लोकानंतर विचारायची, "म्हंजे काय?" लग्नात हा प्रश्न एकानंही विचारला नव्हता. मी सांगत गेलो, गोदावरी सांगितली, मेंढी सांगितली, मायची धनुकली सांगितली. घोंगडीचं सांगितलं तेव्हा तिनं सूप बाजूला ठेवलं. तिचे मालक जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

"हे तू केलं?" तिनं विचारलं. "तुझं सोताचं?"

मी मान हलवली.

"मंग मंत्र हाय म्हणून कामून सांगितलंस रे येड्या?" ती म्हणाली. "तुझं हाय म्हणला असतास, तरी बी आम्ही हात जोडूनच ऐकलं असतं."